पंचवटी ते टी-टू : दोन मोठ्या बॅगा आणि चार गाड्या

नाशिकहून परदेशी जाणाऱ्या बहुतेकांचा रस्ता अजूनही मुंबईच्या सहार टर्मिनलवरूनच जातो. ओझरहून दिल्ली-हैदराबादसारख्या शहरांना विमानं आहेत, पण लेकीकडे किंवा मुलाकडे तीन महिन्यांसाठी निघालेल्या साठीपुढच्या जोडप्याला शेवटी टर्मिनल २ च गाठावं लागतं. गाडी करून जाणं महाग आणि भिवंडी-माजिवड्याच्या कोंडीमुळे बेभरवशाचं. म्हणून घरात कुणीतरी म्हणतं, "आता तर मेट्रो थेट विमानतळापर्यंत गेलीय, ट्रेननेच जा की." सल्ला चुकीचा नाही. पण तो देणारा बहुधा पाठीवर एकच सॅक टाकून गेलेला असतो.

खालचं प्रकरण म्हणजे नमुन्यादाखल जुळवलेला एक दिवस आहे. वेळा रोज थोड्या पुढेमागे होतील, पण जिथे अडतं त्या जागा बदलत नाहीत.

परिस्थिती

पती-पत्नी, दोघंही साठीपुढचे, गंगापूर रोडला राहणारे. बुधवार, पावसाळा संपलेला. विमान दुपारी २.५५ चं, टर्मिनल २ वरून. प्रत्येकी २३ किलोची एक मोठी बॅग, ७ किलोची एक छोटी, शिवाय काकूंच्या खांद्याला डब्याची पिशवी. काकांचा उजवा गुडघा दुखरा, पण व्हीलचेअर मागण्याइतका नाही (असं त्यांचं मत).

हिशेब असा मांडला होता. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे बाराच्या सुमारास टर्मिनलवर. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या आसपास निघते आणि ठाण्याला पावणेदहा-दहापर्यंत पोचते. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने एकच स्टेशन, टर्मिनल २. कागदावर ठाण्यापासून तासाभराचं काम. हातात तासभर उरतो.

गाडीची निवड मात्र बरोबर होती आणि ते आधीच सांगायला हवं. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडून येणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत, त्यांत आरक्षणही मिळून जातं. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडलं की त्या नाशिकरोडला चार-सहा तास उशिरा येताना दिसतात. विमान पकडायचं असेल तर जवळून सुटणारी गाडी घ्यावी. १९७५ पासून धावणारी पंचवटी मनमाडहून निघते, म्हणजे नाशिकरोडला येईपर्यंत तिला उशीर व्हायला फारसा वावच नसतो.

प्रत्यक्षात काय झालं

५.५० ला घर सोडलं. इतक्या सकाळी द्वारका चौक मोकळा असतो, म्हणून ३५ मिनिटांत नाशिकरोड. आठनंतर निघालात तर याच अंतराला द्वारकेसाठी निदान वीस मिनिटं जास्तीची धरा.

गाडी ७.०४ ला सुटली. एसी चेअर कारमधली वरची फळी छोट्या बॅगांपुरतीच. २३ किलोची बॅग तिथे चढवणं दोघा साठीच्या माणसांना जमत नाही आणि सीटखाली ती मावत नाही. ती दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभी करून साखळीने बांधणं हाच उपाय. साखळी-कुलूप घरून न्यावं आणि किल्ली खिशात ठेवावी, पिशवीच्या तळाशी नको. ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, तेव्हा किल्ली शोधत बसायला वेळ नसतो.

इगतपुरीला गाडी थांबली, १:३७ चढाचा थळ घाट उतरून कसाऱ्याला आली. तोवर सगळं वेळेत होतं. कसारा ते कल्याण हा या मार्गाचा खरा नाजूक भाग. इथे येणाऱ्या-जाणाऱ्या मिळून दोनच मार्गिका आहेत आणि त्यांवरून कसारा लोकल, मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या सगळ्याच जातात. तिसऱ्या मार्गिकेचं काम चालू आहे. सकाळी कचेरीच्या वेळेला पुढे लोकल असेल तर एक्सप्रेसला तिच्या मागे रेंगाळावं लागतं. त्यात कल्याणला कर्जतकडची लाइन येऊन मिळते, त्यामुळे आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, दहा-पंधरा मिनिटं उभं राहणं हे रोजचंच. त्या दिवशी दोन ठिकाणी सिग्नल लागला आणि गाडी ठाण्याला १०.२० ला पोचली. म्हणजे अर्धा तास उशीर. पंचवटीच्या पासवाल्यांना विचाराल तर ते याला उशीर म्हणणारच नाहीत.

ठाण्याला उतरायची तयारी पारसिकचा बोगदा आला की सुरू करावी. बोगद्यानंतर ठाणं पाच-सात मिनिटांवर असतं. तेवढ्यात साखळी सोडून बॅगा दाराच्या बाजूला आणता येतात.

ठाणे, १०.२० ते १०.५२

पहिली अडचण तिकिटाची. एक्सप्रेसचं आरक्षण ठाण्यापर्यंतचं होतं, पुढच्या लोकलचं तिकीट वेगळं. काकांनी ते गाडीत बसल्या बसल्या रेल्वेच्या अ‍ॅपवर काढायचा प्रयत्न केला होता. घाटात नेटवर्क नव्हतं. कल्याणनंतर नेटवर्क आलं, तर अ‍ॅपने नकार दिला. याचं कारण पुष्कळांना माहीत नसतं. पेपरलेस तिकीट रुळांच्या अगदी जवळ असताना निघत नाही, नाहीतर टीसी समोर दिसल्यावर लोक धावत्या गाडीतच तिकीट काढतील. तुम्ही गाडीत बसलेले असता म्हणजे जीपीएसच्या लेखी रुळांवरच असता. स्टेशनात उतरल्यावर एटीव्हीएम या तिकिटाच्या यंत्राशी बसलेल्या माणसाकडून ते घेता येतं. ठाणे ते घाटकोपर द्वितीय श्रेणीचे दहा रुपये. त्या दहा रुपयांसाठी काका १२ मिनिटं रांगेत आणि काकू चार बॅगांसह खांबाला टेकून.

दुसरी अडचण मोठी. बुधवारी सकाळी साडेदहा वाजता ठाण्याच्या जलद फलाटावर सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकल कल्याण-डोंबिवलीहूनच भरून येतात. दारात माणसं लटकलेली असतात, लोकल वीस-तीस सेकंद थांबते, आणि तेवढ्यात उतरणारे उतरून चढणारे चढतात. त्यात २३ किलोची बॅग उचलून आत घेणं शक्य नसतं, आणि कुणी चढवून दिलीच तरी घाटकोपरला ती बाहेर काढणं आणखी अवघड. प्रथम श्रेणीत या वेळी फार फरक पडत नाही. लगेजच्या डब्याचं म्हणाल तर त्याला सामानाचं वेगळं तिकीट लागतं आणि सकाळी तोही टोपल्या-गाठोड्यांनी भरलेला असतो.

दोन जलद लोकल सोडल्या. "अहो, ही पण सोडायची का?" असं काकूंनी विचारलं तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने सांगितलं, "काका, बॅगा घेऊन फास्ट नाही मिळणार तुम्हाला. ठाण्याहून सुटणारी स्लो पकडा, रिकामी लागते."

हा सल्ला सोन्यासारखा आहे. ठाण्याहूनच सुटणाऱ्या धीम्या लोकल फलाटावर रिकाम्या येतात आणि थोडा वेळ थांबतात. घाटकोपरपर्यंत मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी अशी मधली पाच स्टेशनं घेतात, म्हणजे जलद गाडीपेक्षा फार तर सात-आठ मिनिटं जास्त. इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार हे दिसतं, कुठून सुटते ते एम-इंडिकेटर या अ‍ॅपवर पाहावं लागतं. मात्र धीमी लोकल वेगळ्या फलाटावर लागते. पुलावर चढायला सरकता जिना मिळाला, उतरायला साधा. सरकते जिने बहुतेक ठिकाणी वर जाणारेच असतात. रेल्वेच्या दृष्टीने उतरणं सोपं. पण चाकांची बॅग पायरी-पायरीने उतरवताना तिचं सगळं वजन एका चाकावर येतं. काकूंच्या बॅगेचं एक चाक इथेच गेलं.

लोकल सुटली १०.५२ ला.

घाटकोपर आणि मरोळ

११.१४ ला घाटकोपर. डब्याचा तळ आणि फलाट यांत अंतर असतं, म्हणून बॅग ओढत उतरवायची नाही. एकाने आधी खाली उतरायचं, दुसऱ्याने आतून बॅग दारापर्यंत सरकवायची आणि खालच्याने उचलून घ्यायची. दोघांनी एकदम उतरायचा प्रयत्न केला की एक बॅग आत राहते.

मेट्रो पश्चिमेला आहे, रेल्वेच्या पुलावरूनच मेट्रो स्थानकात जाता येतं. खाली रस्त्यावर उतरू नका. उतरलात तर पुन्हा चढावं लागतं. जून-जुलैचे शाळा-कॉलेजचे दिवस असोत की कुठलाही साधा बुधवार, या पुलावर अकरापर्यंत गर्दी ओसरलेली नसते. साकीनाका-अंधेरीच्या कचेऱ्यांकडे जाणारे सगळे इथेच लोकल सोडून मेट्रो धरतात. मेट्रो १ ची गाडी चार डब्यांची. २०१४ मध्ये ती सुरू झाली तेव्हाही चारच होते.

दारात बॅग तपासणीचं यंत्र. बॅग उचलून पट्ट्यावर ठेवायची, पलीकडून उतरवून घ्यायची, मागचे लोक सरकत असतात. मग तिकीट, मग गेट. मोठी बॅग घेऊन अरुंद गेटमधून जाताना ती पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही. मागे राहिली तर फ्लॅप मध्येच मिटतात. रुंद गेट असेल तिथे सुरक्षारक्षकाला सांगून त्यातूनच जावं. घाटकोपर हे शेवटचं स्थानक असल्याने गाडी रिकामी येते, एवढा मात्र दिलासा. ११.३५ ला बसायला जागा मिळून निघाले.

इथे एक जुना सल्ला घात करतो. काकांच्या फोनवर भाच्याचा निरोप आला होता : "मामा, एअरपोर्ट रोडला उतरा, तिथून रिक्षा करा." मेट्रो ३ नव्हती तोवर हे बरोबरच होतं. पण 'एअरपोर्ट रोड' या नावाचं स्थानक विमानतळात नाही, टर्मिनल तिथून बरंच लांब आहे. जवळच्या भाड्याला रिक्षावाले मान हलवतात आणि आलेच तरी चार बॅगांना एक रिक्षा पुरत नाही. घाटकोपरहून जाताना जागृती नगर, असल्फा, साकीनाका आणि मग चौथं मरोळ नाका. तिथेच उतरायचं. एअरपोर्ट रोड त्याच्या पुढचं.

मरोळ नाक्याला मेट्रो १ पुलावर आहे आणि मेट्रो ३ जमिनीखाली. दोन्ही जोडलेल्या आहेत, पण व्यवस्था दोन वेगळ्या कंपन्यांच्या. म्हणून एका गेटमधून बाहेर, सरकत्या जिन्यांनी बरंच खाली, पुन्हा बॅग तपासणी, पुन्हा तिकीट, पुन्हा गेट. भुयारात मोबाइलचं नेटवर्क दगा देतं, त्यामुळे मेट्रो ३ चं तिकीट वर असतानाच काढलेलं बरं. मुंबई वन अ‍ॅपवर दोन्ही मेट्रोंची तिकिटं घाटकोपरलाच घेता येतात. काकांनी ती घेतली नव्हती. खिडकीवर रोखीने घेतली. त्यात १७ मिनिटं गेली. फलाटावर 'कफ परेड' लिहिलेल्या बाजूला उभं राहायचं. विरुद्ध बाजूची गाडी आरेला जाते.

पुढचंच स्थानक टर्मिनल २. घोषणेत आधी टी-टू येतं, टी-वन दोन स्थानकांनंतर. दक्षिणेकडून येणाऱ्यांना हा क्रम उलटा लागतो आणि 'विमानतळ' ऐकताच लोक टी-वनला उतरून बसतात.

१२.०५ ला टी-टू स्थानक, १२.२० ला टर्मिनलच्या दारात.

वेळ गेला कुठे

विमान चुकलं नाही. काउंटरवर १२.४० ला पोचले, काउंटर बंद व्हायला अजून तासभर होता. तरीही या प्रवासाचा हिशेब पाहण्यासारखा आहे.

ठाण्याच्या फलाटापासून टर्मिनलच्या दारापर्यंत बरोबर १२० मिनिटं. त्यांतली चाकांवरची मिनिटं : धीमी लोकल २२, मेट्रो १ दहा, मेट्रो ३ तीन. एकूण ३५. बाकीची ८५ मिनिटं रांगेत, पुलावर, तपासणीच्या पट्ट्यापाशी आणि फलाटावर. अॅपवरचा मार्गदर्शक नकाशा मोजतो तो ३५ मिनिटांचा भाग, आणि बदलासाठी चार-पाच मिनिटं धरतो. ती मोकळ्या हातांनी झपझप चालणाऱ्याची असतात.

दुसरा हिशेब उचलण्याचा. प्रत्येक मोठी बॅग किती वेळा हातांनी उचलली? पंचवटीत चढवताना, ठाण्याला उतरवताना, पुलाच्या साध्या जिन्यावर, लोकलमध्ये चढवताना, घाटकोपरला उतरवताना, तिथल्या पुलावर, मेट्रो १ च्या तपासणीला, मेट्रो ३ च्या तपासणीला, आणि शेवटी वजनकाट्यावर. नऊ वेळा २३ किलो. मार्ग ठरवताना काकांनी किलोमीटर आणि रुपये मोजले होते. हे मोजलंच नव्हतं.

दुसरा कुठला मार्ग होता?

*दादर.* पंचवटी दादरला थांबते आणि मेट्रो ३ चं 'दादर' नावाचं स्थानकही आहे, म्हणून हा पर्याय सगळ्यांना सुचतो. नावावर जाऊ नका. मेट्रोचं स्थानक गोखले रोडवर, शिवसेना भवनाच्या बाजूला आहे. रेल्वेच्या फलाटापासून आधी मध्य-पश्चिम जोडणारा पूल, मग पश्चिमेला उतरून बाजारातली वाट. हातात काही नसेल तर पंधरा मिनिटं. फेरीवाले, फुलांच्या टोपल्या आणि दोन चाकांच्या बॅगा यांच्यातून पंचवीस तरी. काळीपिवळीवाला एवढ्याशा अंतराला सहसा येत नाही. मोठ्या बॅगांना दादर हा सगळ्यांत वाईट पर्याय. (२०२३ च्या डिसेंबरमध्ये दादरचे फलाट नव्याने मोजले गेले. मध्य रेल्वेचे आता आठपासून पुढे आहेत. जुना नंबर सांगणारे नातेवाईक अजून भेटतात.)

*ठाण्याहून टॅक्सी.* साधारण वीस-बावीस किलोमीटर. सकाळी अकराच्या आत पाऊण तास ते दीड तास, म्हणजे वेळेच्या दृष्टीने जुगार, पण बॅग दोनदाच उचलायची. अ‍ॅपवरची टॅक्सी पूर्वेला, कोपरीच्या बाजूला बोलवावी. तिथून पूर्व द्रुतगती महामार्ग लगेच लागतो. पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाखाली चालक आणि प्रवासी एकमेकांना शोधत राहतात.

*सीएसएमटी.* आणि हाच पर्याय काकांनी विचारातसुद्धा घेतला नव्हता, कारण तो उलटा वाटतो. विमानतळ ओलांडून दक्षिण टोकाला जायचं आणि परत उत्तरेला यायचं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, तेव्हापासून हिशेब बदलला आहे.

सीएसएमटी हे टोकाचं स्थानक. गाडी तिथेच संपते, त्यामुळे दोन मिनिटांत उतरायची घाई नाही. सगळे उतरल्यावर सावकाश उतरा, हमाल बोलवा. फलाट पुढच्या बाजूला सपाट जमिनीवर उघडतात, म्हणजे रेल्वेचा एकही पूल चढायचा नाही. समोरच्या बाजूने भुयारी मार्गाकडे यायचं, रस्त्याखालीच मेट्रोचं स्थानक. एक तपासणी, एक तिकीट. मेट्रो ३ चं भाडं १० ते ७० रुपयांच्या दरम्यान असतं. आठ डब्यांची गाडी, फलाट आणि डबा एकाच पातळीत, बॅग चाकांवरच आत जाते. सकाळी गर्दी दक्षिणेकडे येणारी असते, उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत या टोकाला जागा मिळते. 'आरे जेव्हीएलआर' बाजूची गाडी, काळबादेवीपासून मोजत अठरावं स्थानक टर्मिनल २. इथे टी-वन आधी येतं, मग सहार रोड, मग टी-टू.

त्याच दिवसाच्या वेळा लावून पाहू. ठाणे १०.२०. पुढे कुर्ल्यानंतर एक्सप्रेसला स्वतंत्र मार्गिका नाही, जलद लोकलच्या रांगेतच जावं लागतं, म्हणून सीएसएमटी ११.१५ धरू. सावकाश चालत मेट्रोच्या फलाटावर ११.४०. पाऊण तासात टी-टू, १२.२५. टर्मिनलचं दार १२.४०.

म्हणजे प्रत्यक्षात लागला त्यापेक्षा वीस मिनिटं उशीर. पण गाड्या चारऐवजी दोन, आणि बॅग उचलण्याच्या वेळा नऊऐवजी चार : पंचवटीत चढवताना, उतरवताना, एका तपासणीला आणि वजनकाट्यावर. बाकीचा वेळ दोघंही बसून. साठीपुढच्या जोडप्याला, मोठ्या बॅगांसह, आठवड्याच्या दिवशी सकाळी, आम्ही हाच मार्ग सांगू. सॅक घेऊन निघालेल्या पंचविशीतल्या मुलाने खुशाल ठाणे-घाटकोपर धरावं, तो तासाभरात पोचेल.

निर्णय कल्याणला घ्यायचा

आरक्षण नेहमी सीएसएमटीपर्यंतचं काढा. भाड्यातला फरक किरकोळ असतो. तिकीट सीएसएमटीचं असेल तर ठाण्याला उतरता येतं, पण ठाण्याचं असेल तर पुढे बसून राहता येत नाही. काकांनी ठाण्याचं तिकीट काढून स्वतःचाच दुसरा मार्ग बंद करून टाकला होता.

गाडी कल्याण सोडते तेव्हा घड्याळ पाहा आणि काउंटर बंद होण्याच्या वेळेतून वजा करत या. बहुतेक विमान कंपन्या आंतरराष्ट्रीय काउंटर विमानाच्या तास-सव्वातास आधी बंद करतात. २.५५ च्या विमानाला १.४० धरा. कल्याणपासून सीएसएमटीमार्गे टर्मिनलचं दार गाठायला पावणेतीन तास आणि दारातून काउंटरपर्यंत वीस मिनिटं राखून ठेवा. १०.३५ च्या आत कल्याण सुटलं तर बसून राहा. त्याच्या पुढे गेलं तर ठाण्याला उतरून टॅक्सी. लोकल-मेट्रोचा बेत त्या घडीला नको, कारण तिथली ८५ मिनिटं कमी करणं आपल्या हातात नसतं.

रविवारी मेगाब्लॉक असतो. माटुंगा-मुलुंड किंवा ठाणे-कल्याण अशा टप्प्यांत जलद मार्गावरच्या गाड्या धीम्या मार्गावर, किंवा उलट, वळवतात. एक्सप्रेसही दहा-पंधरा मिनिटं मागे पडतात. पावसाळ्यात मात्र वेगळाच विचार हवा. २०२१ च्या जुलैत कसारा घाटात दरडी आल्या आणि उंबरमाळीला रुळ वाहून गेले, २०२४ च्या ७ जुलैला आटगाव-तानशेत दरम्यान रुळांवर माती आली. दोन्ही वेळा नाशिक-मुंबई वाहतूक ठप्प. जून ते सप्टेंबरात दुपारचं विमान असेल तर आदल्या दिवशी मुंबईत पोचलेलं बरं.

तिकिटावर विमानतळाचा कोडही पाहून घ्या. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुटू लागली आहेत आणि तिथे जायचं तर वर लिहिलेलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरची लोकल धरायची, सीएसएमटीकडे जायचंच नाही.

रात्रीचं विमान आणि परतीचा प्रवास

आंतरराष्ट्रीय विमानं पुष्कळशी रात्री एक ते पहाटे पाचमधली. त्यासाठी शिर्डीहून येणारी संध्याकाळची वंदे भारत सोयीची (मंगळवारी नसते). नाशिकरोडहून साडेसातच्या सुमारास निघून रात्री दहाच्या आसपास ठाण्यात. मेट्रो ३ च्या शेवटच्या गाड्या साडेदहाला सुटतात, म्हणून त्या वेळी मेट्रोच्या मागे लागू नये. ठाण्याहून टॅक्सी. सकाळचा जुगार रात्री नसतो, रस्ता मोकळा मिळतो.

येताना पंचाईत उलटी. पहाटे चारला विमान उतरलं, पाचला सामान हाती आलं, तर पहिली मेट्रो सहाच्या सुमाराला. शिर्डीची वंदे भारत सीएसएमटीहून सकाळी ६.२० ला सुटते, म्हणजे मेट्रोने ती मिळत नाही. टॅक्सीने सीएसएमटी गाठायच्या भानगडीत न पडता ती दादरला किंवा ठाण्याला पकडावी. मोठ्या बॅगा असतील तर ठाण्याला. तिकीट काढताना चढण्याचं स्थानक ठाणेच निवडा, आणि पाचचे साडेपाच झाले तर उगाच धावाधाव न करता टर्मिनलवरच चहा घेऊन दुपारची गाडी धरा.